डोहाळ्यांचं शेवटचं कडवं

दिल्लीतल्या आमच्या ओळखीत कुणाचं लग्न असो, बारसं असो, मंगलाष्टकं आणि पाळणे मीच रचते. सरकारी नोकरीत फायली लिहून हात शिणला, पण यमक कधी चुकलं नाही. तेव्हा माझ्याच सुनेच्या डोहाळजेवणाला गाणं मी नाही तर कोण लिहिणार?

सून जपानची. मुलाच्या गुरुग्रामच्या ऑफिसात आली, दोघांचं जमलं आणि लग्न होऊन आमच्या बाराव्या मजल्यावर राहायला आली. गुणी पोर. मला वाकून नमस्कार करते, खालच्या गार्डशी "अच्छा भैया" करून बोलते. पण दिवस राहिले आणि ती मिटत चालली. जेवणावर वासना नाही. विचारलं की नुसती हसायची आणि मोबाइलवर काहीतरी टिपत बसायची. मुलगा म्हणाला, कविता करते, तीन-तीन ओळींच्या. मी म्हटलं, तीन ओळींत काय सांगून होतंय, कपाळ! आमच्याकडे एका चिंचेवर चार कडवी होतात.

तिच्याकडेही बाळंतपण माहेरीच करतात, आपल्यासारखंच. आईचे सारखे फोन यायचे. मी काणाडोळा करत होते. एकदा गेली की ही परत यायची नाही आणि नातवंड मला फोनमध्येच बघावं लागेल, ही माझी धास्ती. दुपटी शिवून झाली होती, डिंकाच्या लाडवांचं सामानही आणलं होतं. म्हणून शेवटचं कडवं मी मुद्दाम तसं रचलं:

सातासमुद्रापार कशाला गं जायचं?
सासूच्या कुशीतच माहेर पाहायचं.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण केलं. सरोजिनी नगरच्या क्वार्टर्समधल्या माझ्या जुन्या शेजारणी मेट्रोने आल्या. हिरवी साडी, फुलांचे दागिने, पोर काय गोड दिसत होती म्हणून सांगू! मी गाणं म्हटलं, बायकांनी टाळ्यांचा ताल धरला. मुलगा तिच्या शेजारी बसून एकेक कडवं समजावून सांगत होता. शेवटच्या कडव्याला तिने मान खाली घातली. एका शेजारणीला वाटलं, लाजली. ती म्हणाली, "अगं, सासूचंच किती ऐकायचं? तुझे डोहाळे तू सांग की!"

मुलाने विचारलं. मान वर न करता ती आपल्या भाषेत तीन ओळी म्हणाली. मुलाने अर्थ सांगितला:

आईने भाताचं झाकण काढलं.
वाफ
इथवर येत नाही.

चिंचा नको, आवळे नको, पोरीला आई हवी होती. आणि मी बसले होते यमकं जुळवत!

"बघतोस काय?" मी मुलावर खेकसले. "डॉक्टरांना विचार आणि तिकिटं काढ. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं."

'माहेर' तिला कळलं. ती माझ्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. मलाही राहवेना. जे विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तेच तोंडातून गेलं, "परत येशील ना गं?"

तिने नाक पुसलं. मराठी जुळवायला जरा वेळ घेतला.

"येणार," ती म्हणाली. "बाळ घेऊन येणार. आई, तुम्ही एअरपोर्टवर उभं राहा."