शेवटची खाच

शाळेच्या शिपायाला सगळे किल्लीकाका म्हणत. कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि कपाळाला आठ्या, दोन्ही कायमच्या. बावीस वर्षांत आपल्या कामाला कुणी नावं ठेवली नाहीत, हा त्यांचा तोरा होता. तो उतरवला एका यंत्राने.

सातवीतली एक मुलगी हाडांच्या दुखण्याने घरी अंथरुणाला खिळली होती. तिच्यासाठी शाळेने यंत्रमानव आणला. नाव भारदस्त, पण होता आपला चाकांवरचा दांडा आणि दांड्यावर पडदा. पडद्यात तिचा चेहरा दिसे, पडद्यावरच्या कॅमेऱ्यातून तिला वर्ग दिसे आणि घरी पडल्या पडल्या ती ते यंत्र चालवी. वर्गाच्या उंबरठ्यापाशी मात्र स्वारी अडायची. मग "काका!" अशी हाक. हातातलं काम टाकून काकांनी धावायचं, उचलून आत ठेवायचं, दिवसातून सहा-सात वेळा. एकदा तोल गेला, यंत्र आडवं झालं आणि मुख्याध्यापिकाबाईंनी सगळ्या शिक्षकांसमोर काकांची खरडपट्टी काढली.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर, पडदा काळा झालेला पाहून काकांनी पाना घेतला आणि दांडा शेवटच्या खाचेपर्यंत खाली आणला. यंत्र जेमतेम गुडघ्याएवढं झालं. उचलायला सोपं, पडायची भीती नाही. बाईंना म्हणाले, "दांडा वर राहतच नाही आता. दुरुस्तीला धाडलं तर पोरीची शाळा बुडेल." खोटं बोलताना जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

चार महिन्यांनी मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. मुलीच्या आईने तिचं चित्र आणून दिलं. भिंतीवर लावायचं काम अर्थात काकांचंच. चित्राचं नाव 'माझी शाळा'. बाकांचे पाय, दप्तरं, गुडघे, बुटांच्या सुटलेल्या नाड्या. फळा नाही, खिडकी नाही, एकाही मैत्रिणीला डोकं नाही. चेहरा एकच, आठ्यांसकट काकांचा. चार्जरची वायर लावायला रोज तेवढे तेच खाली वाकत.

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चित्र कसंबसं टांगून ते पाना घेऊन वर्गात गेले. मधली सुट्टी होती, वर्ग रिकामा होता. पडद्यावरच्या मुलीला काही न सांगता त्यांनी दांडा पार वरपर्यंत चढवला.

"काका! फळा दिसतोय!"

"पोरी, ते बिघडलं नव्हतं गं. मीच..."

"माहितीये. तुम्ही खाली करत होतात तेव्हा मी फक्त माझ्या घरचा कॅमेरा बंद केला होता. मला इथलं सगळं दिसत होतं."

"मग बाईंना सांगायचंस ना!"

"तुम्ही रागावला असतात, तर मला आत कुणी आणलं असतं?"

सुट्टी संपल्याची घंटा द्यायची वेळ टळून गेली होती. पडद्यावरची मुलगी आता काकांच्या अगदी डोळ्यांसमोर होती, आणि मान वर करायची त्यांना हिंमत होत नव्हती.