आत्याचा सूर

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही — तिला वाटतं, मी अकॉर्डियन कंटाळून सोडलं. थांबा, नीट सांगतो, नाहीतर नेहमीसारखा मधूनच पळ काढीन.

दोन हजार तीन-चारची गोष्ट. मी काल्हेरच्या गोडाऊनला ड्युटी करायचो. भिवंडीतल्या एका बँडवाल्याने धंदा बंद केला, त्याच्याकडून जुनं अकॉर्डियन आणलं. शिकवणार कोण? माझी आत्या. तिने त्या पेटीला कधी हात लावला नव्हता, पण ती अंजूरची धवलारीण. आमच्या आगरी लग्नांत हळदीपासूनचे सगळे धवले तीच गायची, तिच्याशिवाय मांडवात पान हलायचं नाही. ओटीवर बसून ती एकेक ओळ गायची, मी पट्टी शोधायचो. चुकलो की हसायची आणि परत गायची. कधी वैतागली नाही हो.

आणि मला यायचं काय? फक्त पांढऱ्या पट्ट्या. काळीला बोट लागलं की सगळा गोंधळ. घरी ती माझ्यासाठी आवाज चढवून पेटीशी जुळवून घ्यायची. हे मला तेव्हाही कळत होतं — कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मग चुलतभावाच्या हळदीला हौस आली. आत्या गाणार, मी साथ करणार, तेही माईकवर. मांडवात तिने आपल्या नेहमीच्या सुरात धवला उचलला. तिथे ती मला शिकवत नव्हती, आपलं काम करत होती. तिचा गळा एकीकडे, माझी पेटी भलतीकडे. पोरं फिदीफिदी हसायला लागली. मी काय करायला हवं होतं? भाता मिटून गप्प बसायचं, एवढंच. ते जमलं नाही मला. माईकवर म्हणालो — आत्याचं वय झालं, सूर सुटतो आता, सांभाळून घ्या.

लोकांना काय, माणूस चुकतो, पेटी थोडीच चुकते? पुढच्या लग्नाला आत्याला बोलावणं आलं नाही. त्यापुढच्याही नाही. लग्नसराईत ती चांगलं लुगडं नेसून दारात बसायची, आणि मी — नालायक — मागच्या गल्लीने घरी जायचो.

एकदा तिने मला गाठलंच. "पोरा, खरं सांग, माजा सूर गेलाय काय रं?"

तेव्हा तरी सांगायचं ना? ओटीवर आम्ही दोघंच होतो. हसायला कुणी नव्हतं.

मी म्हणालो, "गेलाय थोडा."

ती उठून आत गेली. त्यानंतर घरातसुद्धा गायली नाही. माझ्या लग्नात धवले वळ गावच्या एका बाईने गायले आणि माझी सख्खी आत्या ओठ मिटून बायकांत बसून होती. पुढे ती वारली. मरेपर्यंत तिला वाटत होतं, आपण बेसूर झालो.

ती कधीच बेसूर झाली नव्हती.