संगमरवरी पाटी घेऊन चंद्रपूर ते सिरोंचा

डिसेंबरात चंद्रपूर-गडचिरोलीकडे जायचं ठरलं ते सुनीताच्या फोनमुळे. सुनीता म्हणजे माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची, मैनीची मुलगी. अहेरीजवळच्या एका आश्रमशाळेत शिकवते. मैनी जाऊन वर्ष उलटलं होतं. "मावशी, उन्हाळ्यात आईचा दगड उभा केला आम्ही," सुनीता म्हणाली. "तुमी एकदा येऊन पाहून जा ना."

मैनी आणि मी चंद्रपूरच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये एकत्र वाढलो. माझ्या वडिलांची फिरतीची नोकरी, म्हणून मी तिथे. ती आलापल्लीपलीकडच्या जंगलातल्या माडिया घरातली. शाळेमागे सिस्टरांची छोटीशी दफनभूमी होती आणि नोव्हेंबरात मृतांचा दिवस आला की तिथल्या पांढऱ्या संगमरवरी पाट्या घासून लख्ख करायचं काम आम्हा मुलींकडे असे. मैनी शाळेत उशिरा आली होती. इंग्रजी अक्षरं ती पुस्तकापेक्षा त्या पाट्यांवर बोट फिरवूनच शिकली. पुढे नर्स झाली आणि अहेरीच्या बाजूला जन्मभर नोकरी केली. कामासाठी नागपूरला आली की आमच्याकडेच उतरायची.

त्यामुळे 'दगड' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र आलं. नागपुरात एका कारागिराकडून मी संगमरवरी पाटी कोरून घेतली. मैनीचं पूर्ण नाव, जन्म-मृत्यूची वर्षं आणि खाली 'परिचारिका' एवढंच. सुनीताला फोनवर सांगितलं तर ती खूश झाली. जुन्या चादरीत गुंडाळलेली पाटी मागच्या सीटखाली ठेवताना माझे यजमान प्रकाश म्हणाले, "आपण सहलीला चाललोय की बांधकामाला?"

जातोच आहोत तर वाटेतली जुनी ठिकाणं नीट बघू, असं ठरवलं. चंद्रपूर म्हटलं की लोक ताडोबाला जातात आणि वाघ दिसला की परत फिरतात. वाघाशिवायही चार दिवस कमी पडतात, हे सांगायला हा लेख.

नागपूरहून सकाळी लवकर निघालो. वरोऱ्यापर्यंत रस्ता उत्तम. पहिला थांबा भद्रावती. गावाला लागून असलेल्या टेकडीत विजासन लेणी आहेत. सरळ डोंगराच्या पोटात शिरणारा लांब बोगदा आणि त्याच्या टोकाला बसलेले बुद्ध. आत गारवा आणि अंधार. मोबाइलचा उजेड पुरत नाही, तेव्हा चांगली बॅटरी न्या. आम्ही गेलो तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. बुद्धांसमोर कोणीतरी ताजी झेंडूची फुलं ठेवून गेलं होतं.

चंद्रपुरात शिरताना जटपुरा गेटखाली अडकलो, कारण सगळं शहरच त्या गेटमधून जातं. गाडी उभी होती तोवर वर पाहून घेतलं. हत्तीवर चढलेला सिंह, ही गोंड राजांची खूण. शाळेत असताना रांगेने या गेटखालून जायचो तेव्हा मैनी म्हणायची, "त्या हत्तीचं काऊन कोणी ऐकत नाई?" एवढ्या वर्षांनी पुन्हा पाहिलं. हत्ती अजून तसाच आहे.

दुपारी अंचलेश्वर मंदिराजवळच्या गोंड राजांच्या समाध्या पाहिल्या. शहरात एकच गोष्ट पाहायला वेळ असेल तर ही पाहा. मोठी समाधी एका राणीने आपल्या नवऱ्यासाठी बांधून घेतलेली आहे. आवारात शांतता आहे. कुठे कोण आहे ते सांगणारी माहिती मात्र थोडीच, म्हणून आधी वाचून जा. मला पाट्या वाचत हिंडायची सवय आहे. प्रकाश एका ठिकाणी उभे राहून सगळं पाहतात आणि माझी वाट बघतात. संध्याकाळी लालपेठेत गेलो. देवळासाठी घडवलेल्या अजस्र मूर्ती तिथे उघड्यावरच पडून आहेत, कारण ते देऊळ कधी झालंच नाही. दहा तोंडांच्या देवीच्या शेजारी पोरं क्रिकेट खेळत होती. चेंडू देवीच्या कुशीत गेला की थेट चौकार.

दुसऱ्या दिवशी मूलमार्गे वैनगंगा ओलांडून चामोर्शी आणि तिथून मार्कंडा. धानाची कापणी झाली होती, शेतांत भाऱ्यांची पुंजणी रचून ठेवलेली. या भागात सकाळच्या नाश्त्याला आलूभात मिळाला तर घ्या, पोटभर होतो आणि खिशाला कळतही नाही.

मार्कंड्याला नदी उलटी वळून उत्तरेकडे वाहते आणि काठावर देवळांचा अख्खा समूह आहे. नारळाच्या दुकानातल्या बाईंनी विचारलं, "कुठून आल्या बाई? फोटोले का पूजेले?"

"दोन्हीला."

"मंग नारळ घ्या. फोटो फुकट आहे."

मोठ्या देवळाच्या दुरुस्तीसाठी शिखराचे दगड उतरवून गवतात मांडून ठेवलेले होते. प्रत्येकावर रंगाने आकडा. कोणता दगड कुठे परत बसवायचा ते कळावं म्हणून. अप्सरेच्या कमरेवर आकडा पाहून जरा विचित्र वाटलं, पण बरंही वाटलं. हरवणार नाही, एवढं तरी नक्की. मग पाटीची आठवण झाली. मैनीचं नाव दगडावर लागलं की तीही हरवणार नाही, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं होतं.

आष्टीपासून आलापल्लीपर्यंत खनिजाचे ट्रक एकामागून एक असतात. गाडी सावकाश हाका, ओव्हरटेकच्या फंदात पडू नका. आलापल्लीला पेट्रोल भरून घ्या, रोख पैसे जवळ ठेवा. पुढे मोबाइलचं नेटवर्क येतं आणि जातं. गावाबाहेर वनखात्याने राखलेलं जुनं सागाचं जंगल आहे, त्याला वनवैभव म्हणतात. खोडाला आम्ही दोघांनी मिळून कवेत घेतलं तरी हात पोचेनात. मुक्काम अहेरीला, साधं स्वच्छ लॉज. जेवायला भात, वरण, आंबाडीची भाजी.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुनीताला घेतलं आणि सिरोंच्याच्या रस्त्याला लागलो. रस्ता रुंद करायचं काम चालू आहे, त्यामुळे धूळ आणि खड्डे दोन्ही भरपूर. सुनीता पुढे झुकून सांगत होती. "मावशी, पाटी लवकर लावली पाहिजे. रस्ता इकडेच सरकून राह्यला. बिन-नावाचा दगड पाहून कोणीही उचलून फेकन."

एका मोहाच्या झाडाजवळ तिने गाडी थांबवायला सांगितली. रस्त्याच्या कडेला दगडांची रांग उभी होती. काही गुडघ्याएवढे, काही माणसापेक्षा उंच. न घडवलेले, जसे मिळाले तसे जमिनीत रोवलेले. एकावरही अक्षर नाही. माडिया लोक आपल्या गेलेल्या माणसांसाठी असे दगड उभे करतात, हे मी ऐकलं होतं. पण मैनीच्या बाबतीत मला ते का सुचलं नाही, हे मलाही सांगता येणार नाही.

मैनीचे दीर लालसूभाऊ आधीच येऊन थांबले होते. एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर, पांढऱ्या मिशा, डोक्याला मफलर. शेजारी त्यांच्या बायको, हातात पाण्याचा गडू. "जोहार बाई," ते म्हणाले. "वहिनी नेहमी सांगे, नागपूरची माही मैत्रीण लय बोलते म्हणून."

त्यांनी मैनीचा दगड दाखवला. तिच्या नवऱ्याच्या दगडाशेजारीच, त्याच्यापेक्षा थोडा बुटका. "नदीवरून आणला," लालसूभाऊ म्हणाले. "आम्ही उचलून राह्यलो तं हालेच नाई. मंग तिच्या माहेरचे आले, त्याईनं हात लावला, तवा उठला. जितेपणी बी तशीच होती. माहेरचं माणूस आल्याबिगर जागची उठे नाई."

"काका!" सुनीता ओरडली, पण हसत.

प्रकाशनी चादर सोडून पाटी गवतावर ठेवली. लालसूभाऊंनी उकिडवं बसून ती मोठ्याने वाचली, शेवटचं 'परिचारिका' दोनदा. "मस्त कोरलं," ते म्हणाले. मग उभे राहून मफलर सारखा केला. "पण इथी नाई लावता येत, बाई. कोणी कोणी आता ऑइलपेंटनं नाव टाकतात. टाको बापा. आमच्या रांगेत नाई."

"काऊन नाई?" सुनीता पुढे झाली. "मावशीनं एवढ्या दुरून आणली. अन् उद्या जेसीबीवाल्याले कसं समजन का हा आईचा आहे?"

"जेसीबीवाला कोण आहे? पल्याडच्या वस्तीतला पोरगा. त्याची आजी बी याच रांगेत उभी आहे. तो का आजीवर जेसीबी चालवन?"

"अन् तो सोडून दुसरा आला तं?"

"तं आपण हाओ ना. मी का रस्त्याच्या आडवा झोपत नाई?"

"झोपतात," त्यांच्या बायको म्हणाल्या. "घरी कामाच्या टायमाले रोजच झोपतात."

सगळे हसले, मी सोडून. मी पाटीवर चादरीचं टोक ओढून घेत होते. लालसूभाऊंच्या ते लक्षात आलं असावं. ते हळू बोलले, "आमच्यात म्हणतात, मेलेल्या माणसाचं मन इथी लागलं का दगड वाढते. आता सिमेंट लावून पाटी बसवली, अन् तिले वाढाचं असलं तं?"

"वाढत-बिढत नाई," सुनीता पुटपुटली. "खालची माती धुपते पाण्यानं." पण यावेळी तिचा आवाज वाद घालायचा नव्हता.

"मग मी पुन्हा आले तर ओळखू कशी?" मी विचारलं.

"विचाराचं. कोणीबी सांगन."

"आणि कोणी भेटलंच नाही तर?"

"तं आता पाहून घ्या ना नीट. कोण घाई करून राह्यलं?"

मी दगडासमोर बसले. सगळे जरा लांब मोहाखाली जाऊन बोलत उभे राहिले. दगड काळपट होता. डावा खांदा उजव्यापेक्षा उतरता. मध्यावर तांबूस रेघ, तिरकी जाऊन जमिनीत शिरलेली. पाठीमागे तळहात मावेल एवढा खोलगट भाग. डोळ्यांनी लक्षात राहीना, म्हणून बोट फिरवत गेले, खालून वर, पुन्हा वरून खाली. शाळेमागच्या दफनभूमीत मैनी अशीच बसायची.

जेवायला त्यांच्या घरी गेलो. भात, गावठी कोंबडीचा रस्सा, कांदा. पाटी ओसरीवर आणून ठेवली होती. लालसूभाऊंच्या बायकोने ती उलटी केली, गुळगुळीत पाठीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "याचा पोळपाट लय मस्त होते, बाई."

मग सुनीताला हसू आवरेना. "आईले तं पोळी लाटताच येत नव्हती!"

खरं होतं. धानाच्या मुलखातली मुलगी. बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात आमची दोघींची पाळी एकत्र असे आणि तिच्या पोळ्यांचे निरनिराळे नकाशे होत. सिस्टर डोक्याला हात लावायच्या. मी ते सांगायला लागले आणि सांगता सांगता रडलेही. वाढताना लालसूभाऊंनी माझ्या पानात अजून एक तुकडा टाकला. मी पाटी सुनीताकडे ठेवायला निघाले तर तिने हात जोडले. "क्वार्टरमधी राहतो मावशी, बदली झाली का सामान कुठी जाईन त्याचा नेम नाई. तुमच्याकडेच राहू द्या."

त्या संध्याकाळी सिरोंचा. दुकानांवर तेलुगू अक्षरं, जेवणात तिखट. चौथ्या दिवशी सकाळी इडली खाऊन जवळच्या वडधमला गेलो. झाडांची खोडं दगड होऊन पडलेली आहेत, सालीच्या रेघांसकट. सोबत छोटं संग्रहालय आहे. डायनासोरांची हाडं, आणि प्रत्येकाखाली पाटी. मी सगळ्या वाचल्या. मुलांना घेऊन जा, पाणी आणि टोपी बरोबर ठेवा. प्राणहिता आणि गोदावरीचा संगमही पाहून घ्या.

परतताना त्याच रस्त्याने यायचं होतं. मोहाचं झाड लांबून दिसलं तसा प्रकाशनी वेग कमी केला. "सांग पाहू," ते म्हणाले.

उलट्या बाजूने येताना रांग वेगळीच दिसत होती. मी काच खाली केली. उतरता खांदा आता दुसऱ्या बाजूला आला होता, तरी पाठीवरचा तो तळहाताएवढा खोलगट भाग दिसला. "तो," मी म्हटलं. "नवऱ्याच्या शेजारचा."

प्रकाश स्वभावाने शहानिशा करणारे. डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन एक बाई येत होती, तिला त्यांनी हाक मारली. "बाई, मैनी नर्सचा दगड कोणता हो?"

तिने मोळी न उतरवता हनुवटीनेच दाखवला. तोच.

"तिनंच माही दोन्ही बाळंतपणं केली," असं म्हणून ती पुढे गेली.

गडचिरोली, ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड करत आम्ही नागपूरला आलो. चार दिवसांत सर्वांत जास्त खर्च पेट्रोलवर झाला. राहणं-जेवण स्वस्त, आणि पाहायच्या बऱ्याच ठिकाणी तिकीटच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोडून जाऊ नका, उन्हाळा तिकडचा सोसवणार नाही.

पाटी माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर आहे, अक्षरं खाली करून. लालसूभाऊंच्या बायकोचं बरोबर होतं, पोळी चिकटत नाही. रोज धुवायला उलटी करते तेव्हा ओल्या अक्षरांवरून बोट जातंच.

या लेखात मी बाकी सगळ्या ठिकाणांचे रस्ते दिलेत. मैनीचा दगड नेमका कुठे, ते दिलेलं नाही. आलापल्लीहून सिरोंच्याकडे निघालात, मोहाखाली रांग दिसली, तर थांबा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मैनी नर्स विचारा.