खिडकीतला सहावा रंग

आमच्या कारखान्याच्या मालकिणीला सगळे थोरली म्हणतात, कारण तिला एक धाकटी बहीण होती. थोरली गिऱ्हाइकं सांभाळायची, धाकटी रंग. मी कापड कापतो, आणि कुणी विचारलं नाही तरी मत देतो.

जुन्या चादरी, पडदे, शर्ट उसवून आम्ही त्यांचे नवे कपडे करतो. रंग कांद्याच्या सालींचे, डाळिंबाच्या टरफलांचे, फुलवाल्यानं टाकून दिलेल्या फुलांचे. दर कलेक्शनला सहा रंग ठरतात आणि ते ठरवते खिडकी. प्रत्येक रंगाची पट्टी उन्हाच्या काचेवर लावायची, अर्धी काळ्या कागदाखाली झाकायची. महिन्यानं कागद उचलायचा. दोन्ही अर्धे सारखे दिसले तर रंग पास. हा नियम धाकटीचा. "विटलेला कपडा आधी कपाटात मागे जातो, मग कचऱ्यात. मग आपण एवढा घाम कशाला गाळायचा?" असं म्हणत तिनं स्वतःचेच कितीतरी लाडके रंग नापास केले होते.

आजारपणात उभं राहवत नव्हतं, तरी स्टुलावर बसून तिनं फुलांचा एक शेवटचा रंग काढला. राखाडीकडे झुकलेला जांभळा. नाव ठेवलं 'रुसवा'. थोरली चिडली की अशीच दिसते, म्हणाली. त्याची पट्टी खिडकीला लागायच्या आधीच ती गेली.

थोरलीनं पाच रंग निमूट निवडले. रुसव्याची पट्टी मात्र तिनं जिन्याकडच्या खिडकीला लावली. तिथे ऊन औषधालाही येत नाही. साऱ्यांना दिसत होतं, बोललं कुणीच नाही. माझ्यासारख्या तोंडाळ माणसानंही तोंडाला कुलूप घातलं.

एका सकाळी येऊन पाहतो तर पट्टी उन्हाच्या काचेवर. थोरली शेजारीच उभी होती.

"काय करू, मास्तर? तिचाच रंग, तिचाच नियम, आणि मी फसवतेय कुणाला? माझीच मला लाज वाटायला लागली."

त्या महिन्यात आभाळ भरून आलं की मला बरं वाटायचं. पण ऊन कुणाचं ऐकतं!

कागद उचलायच्या दिवशी आम्ही सगळे हातातलं काम टाकून उभे राहिलो. झाकलेला अर्धा जसाच्या तसा रुसलेला. उघडा अर्धा तांदळाच्या धुवणासारखा पांढुरका.

"नापास," थोरली म्हणाली. आवाज कोरडा होता.

मला राहवलं नाही. "ताई, एवढा एक चालवून घ्या की. तिचा शेवटचा आहे."

"तिनं चालवून घेतला असता?"

"नसता," मी म्हणालो. "हसली असती, आणि लगेच दुसरा काढायला बसली असती."

"तेच तर." थोरलीनं पट्टी काचेवरून सोडवली, आणि धाकटी गेल्यापासून पहिल्यांदाच सगळ्यांदेखत हमसून रडली. "आता दुसरा कोण काढणार, मास्तर?"