बिदर रस्त्यावरची पांढरी जीप

मोंढ्यातल्या तुरीच्या भुश्शाचा वास आला की ती दुपार आठवते. मी सीमेवरच्या, धान्याच्या मोंढ्याला लागून असलेल्या ठाण्यात नवी पोलीस शिपाई होते. एक आई धापा टाकत आली. "माझ्या लेकीला नोकरीच्या नादी लावून पांढऱ्या जीपमधी नेलं हो, बिदरकडं!" साहेब म्हणाले, "पलीकडं कर्नाटक हाय, आधी पत्र धाडावं लागंल." "तोवर पोरगी कुठं जाईल, साहेब?" असं म्हणून मी बिदरकडच्या ओळखीच्या महिला पोलिसाला फोन लावला आणि मोडक्या कानडीत सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पत्र मागनं येऊ दे, अक्का. मी रोडवर निघाले." तिने जीप अडवली आणि संध्याकाळी लेक आईच्या गळ्यात पडली. आज मी हवालदार आहे. पलीकडून असा फोन आला की आधी रस्त्यावर जाऊन उभी राहते.