समुद्राकडे पाठ केलेला बाक

ओनोफ्रेने कड्यावर बाक बसवला, तो समुद्राकडे पाठ करून. बसलं की समोर उतार दिसतो आणि उतारावर वाळत घातलेला कोचायुयो. खडकावरून कापून आणलेल्या या शेवाळाचे पट्टे बैलाच्या वादीसारखे जाड असतात. ते लाल होऊन पिवळे पडेपर्यंत कोणाला तरी राखावे लागतात.

चाळीस वर्षं ओनोफ्रेनेच ते कापले. ओले भारे पाठीवर घेऊन तो कडा चढायचा. पायऱ्याही त्यानेच खोदल्या. त्यातल्या बारा वाकड्या आहेत, कारण तेव्हा मी आजारी होतो. आता खाली त्याची मुलगी उतरते आणि हा वाळवण राखतो.

मी गवंडी. बाकाचे खड्डे मी खणले, मीटरभर खोल, एकेका पायाला एक दिवस. ओनोफ्रे शेजारी उभा राहून सूचना देत होता. त्याला तो मदत म्हणतो.

या उन्हाळ्यात नगरपालिकेने फलक लावला: किनाऱ्यावर पाहण्यासारख्या सात गोष्टी. पाणी उडवणारं भोक, समुद्रसिंहांचा खडक, भरतीत बुडणारी गुहा. चौथा हा बाक, 'समुद्र न्याहाळण्यासाठी'. लोक आले, बसले आणि समुद्र कुठे गेला म्हणून माना वळवू लागले. तक्रारी गेल्या. मग नगरपालिकेतली यास्ना आली.

"काका, बाक वळवावा लागेल. शनिवारी माणसं आणते. वळला नाही तर काढून नेतील."

"ने की. गवंड्याने मीटरभर पुरलाय. त्याच्या हातचं न डुगडुगणारं तेवढं एकच काम आहे."

"पण समुद्र मागे राहतो ना."

"पोरी, खाली कापताना क्षणभर नजर काढली तर लाट उचलून नेते. चाळीस वर्षं त्याच्याकडेच बघत होतो. आता बसल्यावरही त्याचीच राखण करू?"

यास्नाने बाकावर बसून पाहिलं. उठून मागून पाहिलं.

"मग पाठ टेकायची फळी तेवढी काढा," ती म्हणाली. "ज्याला जिकडे तोंड करायचंय तिकडे करील. बाक हलणार नाही, माझा शब्द."

ओनोफ्रेचा चेहरा पडला. ती फळी त्याने स्वतः रंधून कंबरेच्या मापाने बसवली होती. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही, जणू मीच सुचवलं होतं. शुक्रवारी दुपारी त्याने चारही स्क्रू काढले. एक गंजून मोडला, तो भोक पाडून उपटला. काम चोख केलं. मी तसं म्हणालो नाही.

शनिवारी यास्नाच्या माणसांऐवजी पर्यटक आले. समुद्राकडे तोंड करून बसले, फोटो काढले. दक्षिणेचा खारा वारा डोळ्यांत गेला, तसे एकेकाने पाय उचलून पलीकडे टाकले आणि वाळवणाकडे बघत करंजीसारख्या एम्पानादा खाल्ल्या.

"मोजलंस?" ओनोफ्रेने विचारलं. "शंभर अंक मोजायच्या आत वळले सगळे."

"मग आता खूश?"

"पाठ दुखते."

म्हणून हल्ली दुपारी मी समुद्राकडे तोंड करून बसतो आणि तो माझ्या पाठीला टेकून वाळवण बघतो. डोळ्यांत मीठ माझ्या जातं, कुरकुर तो करतो.

"सरळ बस, गवंड्या," तो म्हणतो. "भिंत अशी कलली असती तर तूच पाडली असतीस."