जांबुवंताचा शनिवार

जालन्याहून निघाले तेव्हाच मी थकलेली होते. निवृत्तीनंतर माणूस ताजंतवानं होतं, असं सांगणाऱ्यांनी माझे गुडघे पाहिलेले नाहीत. पण संजयचा शब्द मोडवेना. चौथीत माझ्या वर्गात होता. आता जनावरांचा डॉक्टर आहे. "बाई, अस्वलानं कधी पाहिलं नाही असं माणूस पाहिजे. अर्ध्या दिवसाचं काम आहे," असं तो फोनवर म्हणाला.

राजूरच्या अलीकडे एसटी पंक्चर झाली. तासभर बाभळीच्या जेमतेम सावलीत उभी राहिले. पुढे काळी-पिवळीत (भाड्याच्या जीपमध्ये) एका बकरीशेजारी बसून हसनाबाद गाठलं. तिथून संजयनं मोटारसायकलवर डोंगराकडे नेलं. मार्चचं ऊन, कापणीनंतर उघडी पडलेली रानं, आणि रस्ता असा की संजयला काही विचारायला तोंड उघडलं की धूळ आत.

संजयचं अनाथ जंगली जनावरांचं केंद्र म्हणजे दोन पत्र्याच्या खोल्या आणि डोंगराच्या उतारावर जाळीनं वेढलेलं बरंच मोठं झाडोऱ्याचं रान. दोन वर्षांपूर्वी कोरड्या विहिरीत पडलेलं अस्वलाचं पिल्लू इथं आणलं होतं. आई काही सापडली नाही. गंगाधरमामांनी त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. पन्नाशीचा, कमी बोलणारा हा शेतकरी माणूस वाळवीची वारुळं शोधायचा आणि अस्वलाला तिथवर घेऊन जायचा.

"समदं शिकलं बगा, बाई," मामा म्हणाले. "वारूळ उकरतंय, झाडावर चढतंय, बोरं खातंय. फकस्त माणसाला भीत न्हाई."

त्याला कारण घरचंच होतं. मामांची आई, कौसाबाई, पलीकडच्या वस्तीवर राहतात. शनिवारी मारुतीला नारळ फोडायचा आणि त्यातला वाटा जाळीशी जाऊन जांबुवंताला, म्हणजे या अस्वलाला, द्यायचा, असा त्यांनी नेम धरला होता. पाहता पाहता सगळी वस्ती गूळ-खोबरं घेऊन येऊ लागली. अस्वल लांबून माणूस दिसला की धावत यायचं. संजयनं सहा महिन्यांपूर्वी हे सगळं बंद केलं, मामांचंही आत जाणं बंद केलं. आज परीक्षा होती. अनोळखी माणूस पाहून अस्वल लांब गेलं, तर त्याला रानात सोडायचं. जवळ आलं, तर जन्मभर प्राणिसंग्रहालय. माणसाजवळ येणारं अस्वल गावात घुसणार आणि कुणीतरी त्याला मारणार, हे संजयनं मला शांतपणे समजावलं.

आधी कौसाबाईंनी जेवायला बसवलं. ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्याच्या पिठाची झणझणीत आमटी). खाऊन डोळे मिटायला लागले. निघताना त्यांनी हातात काहीतरी ठेवलं. "आज शनवार हाय. त्याला द्यायची बंदी, मंग तुमी तरी घ्या." मी ते पिशवीत टाकलं आणि विसरले.

मामांचा वास येऊ नये म्हणून ते खोलीतच थांबले. संजय मचाणावर चढला. मी एकटी जाळीपाशी जाऊन उभी राहिले. झुडपातून काळं डोकं वर आलं. नाक हललं. आणि ते सरळ, झुलत झुलत माझ्याकडे आलं, जाळीला तोंड लावलं आणि लांब ओठांनी हवा ओढू लागलं. छातीवरचा पांढरा पट्टा मला स्पष्ट दिसला. इतकं गोड जनावर, आणि मला रडू येत होतं.

खोलीत परतले. संजयनं वही मिटली. मामा खाली बसले. पाण्याची बाटली काढायला मी पिशवीत हात घातला आणि बोटांना गूळ चिकटला. गुळाचा खडा आणि खोबऱ्याचा तुकडा.

खरं सांगते, एक क्षण गप्प बसावंसं वाटलं. सांगितलं की परीक्षा नव्यानं, म्हणजे मुक्काम आला, पुन्हा ती उभं राहण्याची शिक्षा आली. अंग नुसतं घराकडे ओढत होतं. पण मी खोबरं टेबलावर ठेवलं.

"बाई!" संजय ओरडला. चौतीस वर्षं मुलांवर ओरडले, त्याचा हिशेब त्यानं एका शब्दात चुकता केला.

कौसाबाईंना कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "माझ्या हातानं त्याला पिंजरा लागला असता गं माय. मी देवाचं म्हून देत गेल्ते."

सकाळी त्यांनी मला बिनसाबणाची आंघोळ करायला लावली आणि आपलं पेटीतलं कोरं, कधी न नेसलेलं लुगडं नेसवलं. मी रिकाम्या हातानं जाळीपाशी गेले. अस्वल वारूळ उकरत होतं. त्यानं मान वर केली, मागच्या दोन पायांवर उभं राहिलं आणि माझा वास घेतला. चार पावलं पुढं आलं. ते थांबलं, फुसफुसलं, वळलं आणि उतारावरून झुडपात गेलं. पुन्हा दिसलं नाही. मचाणावरून संजयनं अंगठा उंचावला.

मामा खोलीच्या दारात उभे होते. संजयनं सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे येऊन हळूच विचारलं, "जाताना मागं वळून पाह्यलं का त्यानं?"

पाहिलं, असं सांगावंसं फार वाटलं.

"नाही, मामा."

"बराबर हाय," ते म्हणाले. "बिलकुल बराबर." आणि पाण्याचं टाकं घासायला निघून गेले. खूप वेळ घासत होते.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर पाहण्याचं त्राण नव्हतं. शाळेत शेवटच्या दिवशी फाटकातून बाहेर पडताना मागे वळून हात हलवणारी मुलं मला नेहमी आवडायची. सरळ निघून जाणाऱ्यांचा थोडा रागच यायचा. त्यांच्यापैकी कुणाचंही नाव आता आठवत नाही. आठवलं असतं, तर एकेकाला पत्र लिहून सांगितलं असतं, की तुमचं बरोबर होतं.